गिल्ड वॉर्समधील असॅसिन: वारांची साखळी नवख्या खेळाडूने कशी बांधावी

‘गिल्ड वॉर्स’ हा ऑनलाइन खेळ एप्रिल 2005 मध्ये आला आणि बरोबर एका वर्षाने, एप्रिल 2006 मध्ये, ‘फॅक्शन्स’ या भागातून कँथा हे नवे खंड आणि असॅसिन व रिच्युअलिस्ट हे दोन नवे पेशे त्यात दाखल झाले. दोन्ही हातांत खंजीर आणि क्षणार्धात शत्रूच्या शेजारी प्रकट होण्याची विद्या यांमुळे नवे खेळाडू असॅसिनकडे सहज ओढले जातात. मात्र तितक्याच सहज तो सोडूनही देतात, कारण वॉरियरची सवय असलेला हात जी स्किल (लढाईत कळ दाबून वापरायची खास क्रिया) तयार दिसेल ती दाबत सुटतो आणि असॅसिनचे निम्मे वार मग काहीच न करता वाया जातात. या पेशाचे सारे बळ वारांच्या क्रमात आहे. तो क्रम समजून घेतला, त्याला लागणाऱ्या एनर्जीचा (स्किल वापरताना खर्च होणाऱ्या शक्तीचा) हिशेब जमवला आणि लढाईत कधी शिरायचे, कधी निघायचे हे ओळखले, तर असॅसिन हा या खेळातील सर्वांत समाधान देणाऱ्या पेशांपैकी एक आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: लीड, ऑफ-हँड आणि ड्युअल

खंजिराच्या बहुतेक स्किल्स तीन प्रकारांत मोडतात. लीड वार साखळी सुरू करतो. ऑफ-हँड वार साधारणपणे लीड वार लागल्यानंतरच चालतो. ड्युअल वार ऑफ-हँड वारानंतर येतो. त्यात दोन्ही खंजीर एकदम चालतात आणि एकाच स्किलमध्ये दोन घाव बसतात. प्रत्येक स्किलच्या वर्णनात ती कशानंतर वापरायची हे स्पष्ट लिहिलेले असते. नवख्या खेळाडूने वर्णनातील नुकसानीचा आकडा बाजूला ठेवून ही अट आधी वाचावी, कारण अट पूर्ण झाली नाही तर वार निष्फळ ठरतो, मग त्याचा आकडा कितीही मोठा असो.

यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे साखळी त्या-त्या शत्रूशी बांधलेली असते. एका शत्रूला लीड वार मारून दुसऱ्यावर ऑफ-हँड वार केला, तर तो चालत नाही. लक्ष्य बदलले की पुन्हा लीडपासून सुरुवात करावी लागते. दुसरी गोष्ट अशी की वार नुसता करून भागत नाही, तो लागावा लागतो. शत्रूने तो अडवला, किंवा तुमच्यावर आंधळेपणाची कंडिशन (काही काळ टिकणारी बाधा) असल्यामुळे तो हुकला, तर पुढचे पाऊल उघडत नाही आणि हुकलेली स्किल रिचार्ज होईपर्यंत, म्हणजे पुन्हा वापरण्याजोगी होईपर्यंत, साखळी जागच्या जागी अडकून पडते. वॉरियरचा एक वार हुकला तर त्याचे एका वाराचे नुकसान होते. असॅसिनचा लीड हुकला तर त्यामागचे सगळेच वार अडतात. म्हणूनच असॅसिनच्या खेळात वार लागण्याची खात्री ही वाराच्या जोरापेक्षा मोलाची ठरते.

नवख्या खेळाडूसाठी मी नेहमी एकच साखळी सुचवतो: जॅग्ड स्ट्राइक, फॉक्स फँग्ज, डेथ ब्लॉसम. जॅग्ड स्ट्राइक हा लीड वार असून त्याने शत्रूला रक्तस्राव सुरू होतो आणि त्यात दर सेकंदाला 6 हेल्थ (जीवनशक्ती) जाते. फॉक्स फँग्ज हा ऑफ-हँड वार अडवता येत नाही, त्यामुळे मधला दुवा ढालीच्या किंवा बचावाच्या स्किल्सपुढे तुटत नाही. डेथ ब्लॉसम हा ड्युअल वार लक्ष्याला तर इजा करतोच, शिवाय त्याला खेटून उभ्या असलेल्या सर्व शत्रूंनाही जखमी करतो. तिन्ही स्किल्सना प्रत्येकी 5 एनर्जी लागते आणि तिघींचाही रिचार्ज कमी आहे, त्यामुळे ही साखळी एकाच लढाईत अनेकदा फिरवता येते. भपकेदार साखळ्या पुष्कळ आहेत, पण त्यांच्यामागे लागण्याआधी ही एक बोटांत बसू द्यावी.

स्किल बारवर (पडद्यावरील स्किल्सच्या पट्टीवर) या तीन स्किल्स 1, 2 आणि 3 या क्रमाने ठेवाव्यात. सल्ला किरकोळ वाटेल, पण गर्दीच्या लढाईत डोळे स्किल बारवर न ठेवता शत्रूवर ठेवता येणे हा त्याचा मोठा लाभ आहे. एक वार चालू असतानाच पुढच्या स्किलची कळ दाबली, तर खेळ ती रांगेत ठेवतो आणि हातातील वार संपताच पुढचा सुरू करतो. सर्व्हर दूर असल्यामुळे कळ दाबणे आणि परिणाम दिसणे यांत ज्यांना थोडा उशीर जाणवतो, त्यांनी ही सवय अवश्य लावून घ्यावी. मात्र तीनही कळा भराभर दाबू नयेत, कारण रांगेत एकच जागा असते आणि शेवटची कळ आधीचीला बाजूला सारते. लीडचा हात उगारला गेला की ऑफ-हँडची कळ, ऑफ-हँडचा हात उगारला गेला की ड्युअलची, ही लय साधावी. खंजिराचा एक वार सुमारे 1.33 सेकंदांचा असतो, त्यामुळे लय जलद असली तरी घाईची नाही.

दुसरी पायरी: 200 गुणांची वाटणी

असॅसिनचे चार अ‍ॅट्रिब्यूट (गुण वाटून वाढवायची कौशल्ये) आहेत. डॅगर मास्टरीवर खंजिराचे नुकसान आणि खंजिराच्या स्किल्सचा जोर अवलंबून असतो. शिवाय तिच्या प्रत्येक रँकमागे साध्या वारात दोन घाव बसण्याची शक्यता 2 टक्क्यांनी वाढते. क्रिटिकल स्ट्राइक्स हा या पेशाचा मुख्य अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि तो फक्त ज्याचा पहिला पेशा असॅसिन आहे त्यालाच मिळतो. डेडली आर्ट्समध्ये हेक्स (शत्रूवर टाकायचे शाप) आणि दुरून टाकायची हत्यारे येतात, तर शॅडो आर्ट्समध्ये बचाव आणि सावलीतून सरकण्याच्या बऱ्याच स्किल्स येतात.

20 व्या लेव्हलला आणि प्रत्येकी 15 गुण देणाऱ्या दोन क्वेस्ट पूर्ण केल्यावर एकूण 200 गुण हाती येतात. एखादा अ‍ॅट्रिब्यूट 12 व्या रँकपर्यंत नेण्यास 97 गुण लागतात. म्हणजे डॅगर मास्टरी आणि क्रिटिकल स्ट्राइक्स दोन्ही 12 वर नेल्यास 194 गुण खर्च होतात आणि उरलेल्या 6 गुणांत शॅडो आर्ट्स बरोबर 3 व्या रँकवर येते. नवख्या खेळाडूने हीच वाटणी करावी. ‘थोडे यात, थोडे त्यात’ असे चारही अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये गुण वाटणारा असॅसिन कोणतेच काम धड करू शकत नाही. गावात परतल्यावर गुण विनामूल्य पुन्हा वाटता येतात, त्यामुळे प्रयोग करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

क्रिटिकल स्ट्राइक्सबाबत एक उंबरठा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या अ‍ॅट्रिब्यूटच्या प्रत्येक रँकमागे क्रिटिकल हिटची (जास्त नुकसान करणाऱ्या घावाची) शक्यता 1 टक्क्याने वाढते आणि प्रत्येक क्रिटिकल हिटमागे एनर्जीही परत मिळते: रँक 3 पासून 1, रँक 8 पासून 2 आणि रँक 13 पासून 3. गुण वाटून 12 च्या पुढे जाता येत नाही, पण मायनर रून (चिलखतात बसवायची मंत्रखूण) 1 रँक वाढवते आणि शिरस्त्राण आणखी 1. त्यामुळे क्रिटिकल स्ट्राइक्सचे शिरस्त्राण आणि तिचीच मायनर रून घेतली की रँक 14 होते आणि 13 चा उंबरठा ओलांडला जातो. डॅगर मास्टरीलाही मायनर रून द्यावी. सुपीरिअर रून 3 रँक वाढवते, पण तिच्यापायी 75 हेल्थ जाते. 20 व्या लेव्हलला मुळात 480 हेल्थ असलेल्या आणि शत्रूच्या अगदी जवळ उभे राहून लढणाऱ्या पात्राने ही किंमत सुरुवातीला मोजू नये.

तिसरी पायरी: एनर्जीचा हिशेब

हा भाग नवखे खेळाडू सर्वाधिक दुर्लक्षित करतात, म्हणून येथे थोडे थांबून आकडेमोड करू.

असॅसिनकडे सुरुवातीला साधारण 25 एनर्जी असते आणि ती चार बाणांच्या गतीने भरते. एक बाण म्हणजे 3 सेकंदांत 1 एनर्जी. वर सांगितलेली साखळी एकदा फिरवण्यास 15 एनर्जी आणि साधारण 4 सेकंद लागतात. त्या 4 सेकंदांत आपोआप परत येते ती 5 च्या आसपास. म्हणजे प्रत्येक फेरीमागे सुमारे 10 एनर्जीची तूट पडते आणि तिसरी फेरी पूर्ण होण्याआधीच हात रिकामा होतो. शत्रू अर्धमेला उभा आहे आणि डेथ ब्लॉसमपुरती एनर्जी नाही, हा अनुभव येतो तो यामुळे.

आता क्रिटिकल स्ट्राइक्स 13 च्या वर असेल तर काय होते ते पाहू. एका साखळीत चार घाव असतात: लीडचा एक, ऑफ-हँडचा एक आणि ड्युअलचे दोन. त्यांपैकी दोन क्रिटिकल झाले तर 6 एनर्जी परत येते आणि तूट 10 वरून 4 वर उतरते. त्यात क्रिटिकल आय ही स्किल वापरली, तर क्रिटिकलची शक्यता आणखी वाढते आणि प्रत्येक क्रिटिकलमागे 1 एनर्जी जास्त मिळते. झेलस खंजीर घेतल्यास लागलेल्या प्रत्येक घावामागे 1 एनर्जी येते. त्याची किंमत म्हणून भरण्याच्या गतीतून एक बाण कमी होतो. चार सेकंदांत चार घाव बसत असतील, तर 4 मिळाले आणि सव्वाएक गेली, म्हणजे व्यवहार फायद्याचा झाला. मात्र हा बाण खंजीर हातात असेपर्यंत सतत कमी राहतो. म्हणून चालताना, विश्रांती घेताना किंवा लढाईपासून दूर असताना दुसरा शस्त्रसंच हातात घ्यावा. शस्त्रांचे चार संच एफ1 ते एफ4 या कळांवर बदलता येतात, आणि ही सवय लागलेला खेळाडू इतरांपेक्षा नेहमी भरलेल्या एनर्जीने लढाईत उतरतो.

खंजिराचे कमाल नुकसान 7 ते 17 असते आणि क्रिटिकल हिटमध्ये त्या 17 च्याही सुमारे 1.4 पट नुकसान होते, त्यामुळे क्रिटिकलचा लाभ दुहेरी आहे. गावातील शस्त्रकाराकडून खंजीर स्वतःच्या नावावर करून घेतल्यास नुकसान 20 टक्क्यांनी वाढते. ते शस्त्र नंतर दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही, तरीही जे खंजीर दीर्घकाळ वापरायचे आहेत ते नावावर करून घ्यावेतच.

चौथी पायरी: शिरणे आणि निघणे

असॅसिनचे चिलखत 70 चे असते. वॉरियरचे 80 असते आणि शस्त्रांच्या माऱ्यापुढे त्यात आणखी 20 ची भर पडते. ढालही नाही, त्यामुळे शत्रूंच्या घोळक्यात सर्वांत आधी उडी घेणे हे असॅसिनचे काम नव्हे. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू जसा परतीचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवूनच पलीकडच्या अंगणात शिरतो, तसे येथे शिरावे लागते.

व्यवहारात हे असे करावे. पार्टीतील वॉरियर किंवा हेंचमन (संगणक चालवतो तो सोबती) आधी पुढे जाऊन शत्रूंचा मारा स्वतःवर घेईपर्यंत थांबावे. तीन-चार सेकंद पुरतात. या वेळेत क्रिटिकल आय चालू करावी आणि लक्ष्य ठरवावे. शत्रूंमध्ये हेल्थ भरून देणारा मंक असेल तर आधी तो, नाही तर जादू करणारा एलिमेंटलिस्ट किंवा मेस्मर. कारण जादूगारांचे चिलखत सहसा हलके असते आणि ते मेले की बाकीच्यांचा निकाल लवकर लागतो. त्यानंतर डेथ्स चार्ज वापरावी. ही स्किल खेळाडूला थेट शत्रूच्या शेजारी नेऊन ठेवते आणि शत्रूची हेल्थ खेळाडूपेक्षा जास्त असेल तर खेळाडूची हेल्थही काहीशी भरून देते. या स्किलने पार्टीपासून फार दूरच्या शत्रूकडे जाऊ नये, कारण मंकची मदत तिथवर पोहोचत नाही. मागच्या रांगेतील जादूगार दिसला की एकट्याने त्याच्याकडे झेप घेण्याचा मोह प्रत्येक नव्या असॅसिनला होतो. तो काही काळ आवरावा.

निघण्यासाठी रिटर्न ही स्किल उत्तम आहे. ती तुम्हाला एखाद्या सोबत्याजवळ नेते आणि तुम्हाला खेटून उभ्या असलेल्या शत्रूंना लंगडे करते. लंगडा शत्रू निम्म्या वेगाने चालतो, त्यामुळे पाठलाग होत नाही. ती नसेल तर डॅश चालेल, कारण तिने काही सेकंद 50 टक्के जास्त वेगाने पळता येते. हेल्थ निम्म्यावर आली आणि समोरचा शत्रू पुढच्या साखळीत मरणार नाही असे दिसले, तर थांबू नये. मेलेल्या पात्राच्या कमाल हेल्थ आणि एनर्जीत प्रत्येक मृत्यूमागे 15 टक्के घट होते आणि ती 60 टक्क्यांपर्यंत साचत जाते. अशा अवस्थेतील असॅसिन पार्टीला भार होतो.

काही वेळा वारच करू नये. आंधळेपणा असताना 90 टक्के वार हुकतात, तेव्हा मंकने तो दूर करेपर्यंत साखळी सुरू करण्यात अर्थ नाही. मेस्मरची एम्पथी किंवा नेक्रोमॅन्सरची स्पाइटफुल स्पिरिट हे हेक्स अंगावर असतील, तर तुमचा प्रत्येक वार तुम्हालाच इजा करतो. खंजिराचे वार जलद असल्यामुळे असॅसिन अशा वेळी स्वतःच्याच हातांनी मरतो. वरच्या कोपऱ्यात हेक्सचे चिन्ह दिसताच हात थांबवणे हे कौशल्य शिकावेच लागते, आणि माझ्या मते नवखा व जाणता असॅसिन यांतला फरक येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

पाचवी पायरी: आडवाटेच्या साखळ्या

मूळ साखळी हाताला सरावली की नियमांतील पळवाटा पाहाव्यात. या पेशाची खरी गंमत त्यांत आहे.

काही ऑफ-हँड वारांना लीडची गरजच नसते. गोल्डन फीनिक्स स्ट्राइकची अट फक्त एवढीच की तुमच्यावर एखादे एन्चांटमेंट (लाभ देणारी जादू) असावे. फॉलिंग स्पायडर हा ऑफ-हँड वार जमिनीवर पडलेल्या शत्रूवरच चालतो आणि त्याला विषबाधा करतो. उलट काही जादू आणि स्पर्शाच्या स्किल्स वार नसूनही साखळीत वार म्हणून मोजल्या जातात: डान्सिंग डॅगर्स ही दुरून टाकायची जादू लीड म्हणून धरली जाते, तर पाम स्ट्राइक ही एलिट (वरच्या दर्जाची) स्किल ऑफ-हँड म्हणून. आंधळ्या असॅसिनलाही अशा स्किल्सनी साखळी सुरू करता येते, कारण त्या खंजिराच्या वारासारख्या हुकत नाहीत.

या नियमांची जोडणी कशी होते हे एका उदाहरणातून पाहू. लीड आणि ऑफ-हँड वार करून हॉर्न्स ऑफ द ऑक्स हा ड्युअल वार केला. शत्रूला खेटून त्याचा कोणी साथीदार नसेल, तर तो या वाराने जमिनीवर पडतो. पडलेल्या शत्रूवर लगेच फॉलिंग स्पायडर चालतो आणि तो ऑफ-हँड असल्यामुळे पुन्हा ड्युअलचा दरवाजा उघडतो. तेथे ट्विस्टिंग फँग्ज मारला की रक्तस्राव आणि खोल जखम दोन्ही लागतात. खोल जखमेने शत्रूची कमाल हेल्थ 20 टक्क्यांनी, पण जास्तीत जास्त 100 ने, उतरते. पाच स्किल्सची ही साखळी एकट्या पडलेल्या जादूगाराला उठण्याची उसंत देत नाही. पण शत्रू घोळक्यात असेल, तर तो पडत नाही आणि साखळी अर्ध्यावर थांबते. म्हणून ही जोडणी घेऊन लढताना लक्ष्याच्या आजूबाजूला कोण उभे आहे हे आधी पाहावे.

घोळक्यासाठी वेगळी जोडणी आहे आणि ती खेळाडूंमध्ये फार लोकप्रिय आहे. मोबियस स्ट्राइक ही एलिट ऑफ-हँड स्किल ड्युअल वारानंतर वापरता येते आणि लक्ष्याची हेल्थ निम्म्याहून कमी असेल, तर बाकीच्या सर्व वारांच्या स्किल्स तत्काळ रिचार्ज होतात. म्हणजे जॅग्ड स्ट्राइक, फॉक्स फँग्ज, डेथ ब्लॉसम, मग मोबियस स्ट्राइक आणि त्यापाठोपाठ पुन्हा डेथ ब्लॉसम, पुन्हा मोबियस, असे चक्र लक्ष्य मरेपर्यंत चालू राहते आणि डेथ ब्लॉसमच्या प्रत्येक फेरीत भोवतालचे शत्रूही जखमी होत जातात. या चक्राची एनर्जीची भूक मोठी असल्यामुळे तिसऱ्या पायरीतला हिशेब येथे उपयोगी पडतो. एलिट स्किल विकत मिळत नाही. ती वापरणाऱ्या बॉसला (बलाढ्य शत्रूला) मारून त्याच्या मृतदेहाजवळ सिग्नेट ऑफ कॅप्चर ही स्किल वापरावी लागते. हे सिग्नेट लढाईला निघण्यापूर्वीच स्किल बारवर ठेवायचे असते.

आठ जागांचा स्किल बार

सुरुवातीचा बार मी असा लावेन: तीन वार, त्यांच्या शेजारी क्रिटिकल आय, मग डेथ्स चार्ज, रिटर्न, स्वतःची हेल्थ भरणारी किंवा वार अडवणारी एखादी स्किल आणि शेवटी मेलेल्या सोबत्याला उठवणारे रिझरेक्शन सिग्नेट. सातव्या जागेसाठी क्रिटिकल डिफेन्सेस हे एन्चांटमेंट चांगले, कारण त्याने 75 टक्के वार अडवले जातात आणि प्रत्येक क्रिटिकल हिटनंतर त्याची मुदत नव्याने सुरू होते. एलिट मोबियस मिळाली की रिटर्नची जागा तिला देता येईल, पण पार्टीत भरवशाचा मंक असेल तरच. पुढे ‘नाइटफॉल’ भागातील क्रिटिकल एजिलिटी हाती आली, तर तिला मात्र कोणत्याही परिस्थितीत जागा करावी. वार 33 टक्के जलद होतात, चिलखत वाढते आणि तिचीही मुदत क्रिटिकल हिटने वाढत राहते.

सरावासाठी आइल ऑफ द नेमलेस हे ठिकाण आहे. ग्रेट टेंपल ऑफ बाल्थझारमधून तेथे जाता येते. तेथे 60, 80, 100 अशा वेगवेगळ्या चिलखतांचे स्थिर पुतळे उभे आहेत आणि मास्टर ऑफ डॅमेज हे पात्र तुम्ही केलेल्या नुकसानीचा हिशेब सांगते. आधी 60 च्या पुतळ्यावर साखळी न अडखळता फिरवून पाहावी, मग मास्टर ऑफ डॅमेजवर क्रिटिकल आय लावून आणि न लावता असे दोन्ही प्रकारे आकडे ताडून पाहावेत. एनर्जी किती फेऱ्यांनंतर संपते हेही त्याच वेळी मोजावे आणि झेलस खंजीर घ्यायचा की साधा, हे त्या आकड्यावरून ठरवावे.